लहान इंजिनाच्या हेडसाठी घरगुती फ्लो बेंच: आधी प्लेट, मग मोटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०० ते २०० सीसीच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींच्या हेडवर पोर्टिंग (हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोकळे करणे) आणि सीट कटिंगचे (वाल्व टेकतो ती कड कापण्याचे) काम करणाऱ्या एका गॅरेजमालकाला स्वतःच्या शेडमध्ये फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून हवा ओढून ती किती जाते हे तपासणारी पेटी, बांधायची आहे. व्हॅक्यूम क्लीनरच्या किती मोटरी लागतील, डिजिटल सेन्सर घ्यावेत की पाण्याच्या नळ्या पुरतील, आणि निघालेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा परदेशी तक्त्यांशी जुळेल का, अशी त्यांची विचारणा आहे. कोल्हापुरात हेडचे काम करताना मी आजवर तीन बेंच बांधले. त्यांतले पहिले दोन मोडून त्यांच्या प्लायचे कपाट केले, तिसरा मात्र अजून वापरात आहे. पहिले दोन का मोडावे लागले, हेच बहुधा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

तुमचा पहिला प्रश्न मोटरीचा आहे आणि सगळ्यांचा तोच असतो, माझाही होता. पहिला बेंच बांधताना मी सहा मोटरी जमवल्या होत्या. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. ५० मिमी बोअर आणि ४९.५ मिमी स्ट्रोकचे ९७.२ सीसीचे स्प्लेंडरचे इंजिन ८००० आरपीएमला मिनिटाला ४००० वेळा सक्शन घेते. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतो असे धरले, तरी सरासरी हवा सेकंदाला साडेसहा लिटरच होते. सक्शन चक्राच्या चौथ्या हिश्श्यातच होत असल्यामुळे त्या स्ट्रोकपुरता दर २६ लिटरच्या आसपास जातो. हा झाला इंजिनाचा दर. बेंचवर आपण २५० मिमी पाण्याचा, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका दाबफरक ठेवला, तर हवा ताशी सुमारे २३० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ६४ मीटरने पळते आणि २५ मिमीच्या इनटेक वाल्वमधून पूर्ण लिफ्टला (वाल्व पूर्ण उघडल्यावर) १८ ते १९ लिटर हवा जाते. एवढ्यासाठी १२०० वॉटची एक चांगली मोटर पुरते. दोन घेतल्या तर मोटरींवर ताण येत नाही आणि ७० मिमी बोअरचे बुलेट ३५० चे हेडही तपासता येते. त्यापुढची प्रत्येक मोटर म्हणजे विजेचे बिल आणि कानाला त्रास.

मोटर निवडताना एकच गोष्ट बघा. साध्या घरगुती क्लीनरच्या मोटरीत ओढलेली हवाच वायंडिंगवरून जाऊन तिला थंड करते, त्यामुळे कमी लिफ्टला हवा अडली की मोटर तापते आणि काही मिनिटांत वार्निशचा वास सुटतो. ओला-सुका असा दोन्ही कचरा ओढणाऱ्या क्लीनरच्या मोटरीला थंड करणारा पंखा वेगळा असतो, तीच घ्या. भंगारात मिळाली तर कार्बन ब्रश बदलून घ्या. दोन मोटरी मिळून दहा अँपिअरहून जास्त घेतात, म्हणून त्यांना १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवरच जोडा आणि अर्थिंग तपासून घ्या. वेग कमी-जास्त करण्यासाठी डिमर लावण्याचा मोह आवरा. त्याऐवजी पेटीच्या मोटरीकडच्या कप्प्याला ५० मिमीचा पीव्हीसी बॉल वाल्व आणि त्याच्या शेजारी अर्ध्या इंचाचा एक साधा नळ बसवा आणि बाहेरची हवा आत सोडून दाब जुळवा. मोठ्या वाल्वने जवळ आणायचे आणि नळाने नेमके करायचे. असे केल्याने मोटर पूर्ण वेगात फिरते आणि तिला नेहमी पुरेशी हवा मिळते.

आता मुख्य मुद्दा. फ्लो बेंच हवा मोजतो असे आपण म्हणतो, पण घरी बांधलेल्या बेंचने हवा मोजण्याच्या नादी लागू नये. त्याने एका भोकाची दुसऱ्या भोकाशी तुलना करावी. हेड आणि माहीत असलेल्या मापाच्या भोकाची प्लेट (ऑरिफिस प्लेट) एकामागे एक ठेवली की एकच हवा दोन्हींतून जाते. वरच्या कप्प्यावर हेड, खालच्या कप्प्याला मोटर आणि दोन्ही कप्प्यांच्या मधल्या भिंतीत प्लेट, अशी ही रचना आहे. हवेचा वेग दाबफरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असल्यामुळे हेडचे परिणामी क्षेत्रफळ (हवेच्या खरे उपयोगी पडणारे क्षेत्रफळ) काढायला इतकेच करावे लागते: प्लेटवरच्या दाबफरकाला हेडवरच्या दाबफरकाने भागायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला प्लेटच्या परिणामी क्षेत्रफळाने गुणायचे. हवेची घनता अंशस्थानी आणि छेदस्थानी दोन्हीकडे येते आणि कटते. थर्मामीटर नको, बॅरोमीटर नको, मोटरीचा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी फिकीर नाही.

याचे महत्त्व मला दुसऱ्या बेंचने शिकवले. त्यात मी हवेचा वेग मोजून थेट सीएफएम काढत होतो. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंशांना तपासलेले एक स्टॉक हेड मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांना पुन्हा लावले, तर काहीही न करता ते चार टक्क्यांनी ‘सुधारले’ होते. गरम हवा विरळ असते आणि तेवढ्याच दाबाला जास्त वेगाने पळते, एवढेच त्याचे कारण. रत्नागिरीला किनाऱ्यावर आणि इथे घाटावर साडेपाचशे मीटर उंचीवर एकाच हेडचे आकडे सुमारे तीन टक्क्यांनी वेगळे येतील, तेही याच कारणाने. लहान हेडवर मन लावून केलेल्या पोर्टिंगचा फायदा बऱ्याचदा पाच-सात टक्क्यांचाच असतो. त्यात चार टक्के हवामानाचे मिसळले, तर आपण काय केले हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून सगळी काळजी प्लेटांवर खर्च करा. तीन मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून १२, १६, २०, २५ आणि ३० मिमी भोकांच्या पाच प्लेटा लेथवर बोअर करून घ्या. ड्रिलने पाडलेले भोक गोल नसते आणि त्याच्या कडेला बर (धातूची खरबरीत किनार) राहतो. हवा ज्या बाजूने येते त्या बाजूची कड कोरी, काटकोनी आणि धारदार हवी. उलट्या बाजूने ४५ अंशांचा चॅम्फर (तिरका उतार) असा द्या की धारेपाशी अर्धा मिमीच जाडी उरेल. टर्नर सवयीने धारेवरून पॉलिश पेपर फिरवतो, त्याला ते करू देऊ नका. धार नखावर टेकवून पाहावी आणि उन्हात धरून पाहावी. कड चमकली तर ती गोल झाली आहे असे समजावे. अशा धारदार प्लेटीचा विसर्ग गुणांक ०.६० ते ०.६१ असतो, म्हणजे भोकाच्या क्षेत्रफळाचा साधारण साठ टक्के भागच हवेच्या उपयोगी पडतो. धार गोल झाली किंवा प्लेट उलटी बसली की गुणांक वाढतो आणि सगळे हिशेब चुकतात. प्रत्येक प्लेटीवर बाण कोरून घ्या. मी कोरला नव्हता आणि एकदा पूर्ण दिवस उलट्या प्लेटीवर काम केले होते.

एक उदाहरण देतो. २५ मिमी प्लेटीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस मिमी, त्याचे ०.६१ पट केले की २९९. हेडवर २५० मिमी दाबफरक ठेवला असताना प्लेटवर २१९ मिमी आला, तर २१९ भागिले २५० चे वर्गमूळ ०.९३६ आणि हेडचे परिणामी क्षेत्रफळ २८० चौरस मिमी. याचा सीएफएम हवाच असेल तर २५० मिमीला तो साधारण ३८ होतो. अमेरिकन तक्ते बहुधा २८ इंच, म्हणजे ७११ मिमी पाण्याच्या दाबाला दिलेले असतात. तिथे नेण्यासाठी ७११ भागिले २५० चे वर्गमूळ, म्हणजे १.६९ ने गुणा, म्हणजे ६४ मिळतील. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: आकडा नेता येतो, पण समोरच्याने पोर्टच्या तोंडाला बेलमाउथ (गोल ओठ) लावला होता का, सिलिंडर कोणत्या बोअरचा होता, हे माहीत नसेल तर ती तुलना गप्पांपुरतीच राहते. माझ्या वहीत मी फक्त चौरस मिमी लिहितो. वाल्वच्या क्षेत्रफळाशी ते शेजारी ठेवून लगेच पाहता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

प्लेट बदलण्याचा कंटाळा करू नका. त्याच २५ मिमी वाल्वला एक मिमी लिफ्ट दिली की परिणामी क्षेत्रफळ पन्नासच्या आसपास उतरते आणि २० मिमीची प्लेट असेल तर तिच्यावर जेमतेम १८ मिमी दाबफरक दिसतो. तिथे वाचनात एक मिमीची चूक म्हणजे हवेत जवळजवळ तीन टक्क्यांची चूक. १२ मिमीची प्लेट घातली की तोच फरक १३५ मिमीच्या पुढे जातो आणि एका मिमीची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते. प्लेटवरचे वाचन ६० ते ३०० मिमीमध्ये राहील अशी प्लेट निवडावी, हा साधा नियम.

मॅनोमीटरसाठी, म्हणजे दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांसाठी, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. एक मीटर उंचीच्या फळीवर दोन ‘यू’ बसवा आणि मागे मिलिमीटरची स्टीलची पट्टी लावा. पाण्यात खायचा रंग आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की पाणी नळीच्या कडेला चिकटत नाही. पहिल्या ‘यू’ची एक बाजू हवेला उघडी आणि दुसरी वरच्या कप्प्याला, दुसऱ्या ‘यू’ची एक बाजू वरच्या कप्प्याला आणि दुसरी खालच्या. वाचन दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधील पूर्ण अंतराचे करायचे असते, मधल्या शून्यापासून एकाच बाजूचे नव्हे. ही चूक इतकी सर्वांची होते की ती वेगळी सांगावी लागते. प्रत्येक नळीच्या मध्ये एक रिकामी बाटली ट्रॅप म्हणून ठेवा. बंद तोंडावर ही मोटर दोन मीटरपर्यंत पाणी ओढू शकते. माझ्या पहिल्या बेंचवर एका मदतनिसाने पोर्टवर तळहात ठेवला आणि निळे पाणी नळीतून सरळ मोटरीत गेले. म्हणून बॉल वाल्व पूर्ण उघडा ठेवूनच मोटर सुरू करण्याची सवय लावा.

सेन्सर वाईट नाहीत. एमपीएक्स ५०१० सारखा ० ते १० किलोपास्कलचा डिफरन्शियल (दोन दाबांतला फरक मोजणारा) सेन्सर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडला की सुमारे १०२० मिमी पाण्यापर्यंत वाचता येते आणि थरथरणाऱ्या पाण्याची सरासरी आपोआप निघते. पण तो खरा आहे की नाही हे तपासायला शेवटी पाण्याचीच नळी लागते. आधी नळ्यांवर काम करा; सेन्सर वर्षभराने घेतला तरी चालेल.

पेटीला १८ मिमीचा मरीन प्लाय पुरतो. माझे दोन्ही कप्पे साधारण ३०० मिमीचे घन आहेत. खालच्या कप्प्यात बाहेरच्यापेक्षा ५०० मिमी पाण्याइतका दाब कमी असतो, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाटीवर ४५ किलोचा भार येतो. १२ मिमीचा प्लाय एवढ्या भाराने आत वाकतो आणि सांधे सुटतात. आतून वार्निशचे दोन हात द्या, कारण प्लायच्या कडांमधूनही हवा झिरपते. सांध्यांना फेविकॉल, स्क्रू आणि वरून सिलिकॉन. प्लेट बदलायला पुढच्या बाजूने ॲक्रिलिकचे दार ठेवा आणि त्याला फोमची पट्टी लावा.

कप्प्याच्या आतली एक गोष्ट मात्र कोणत्याही नकाशात ठळक दाखवलेली दिसत नाही. हेडमधून आलेला झोत वरच्या कप्प्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ६० मीटरच्या पुढे असतो. आपण हेडवर लावलेला सगळा दाबफरक त्या झोतात गतीच्या रूपाने शिल्लक असतो. तो झोत थेट प्लेटीच्या भोकात शिरला किंवा नळीच्या टॅपवर (नळी कप्प्याला जोडली त्या भोकावर) आदळला, तर प्लेटवरचे वाचन वाटेल तसे नाचते. हेडखाली जाळीदार पत्र्याचा आडोसा आडवा बसवा, प्लेट झोताच्या रेषेत ठेवू नका आणि टॅप कोपऱ्यात, भिंतीशी सपाट, तीन मिमी भोकाचा आणि आतून बर काढलेला ठेवा. माझ्या पहिल्या बेंचमध्ये हा आडोसा नव्हता. हेड नव्वद अंशांत फिरवून बसवले की आकडा बदलायचा आणि मी त्याचे खापर हेडवर फोडत असे.

हेडखालचा सिलिंडर त्याच बोअरचा हवा. स्प्लेंडरला ५० मिमीचा. भंगारातला त्याच मॉडेलचा ब्लॉक उत्तम. तो थोडा घासलेला असला तरी बिघडत नाही, वरून बोअरइतकी किंवा दीडपट उंची ठेवून कापून घ्या. सिलिंडर न लावता हेड थेट पेटीच्या मोठ्या भोकावर ठेवले, तर वाल्वच्या कडेची भिंत नाहीशी होते आणि हवा खोटीच जास्त दिसते. लहान बोअरमध्ये वाल्व भिंतीला अगदी लागून असतो म्हणून हा फरक मोठा पडतो. पोर्टच्या बाहेरच्या तोंडाला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोल ओठ करा, साधारण दहा मिमी त्रिज्येचा. उन्हाळ्यात तो मऊ होऊन आत ओढला जातो, तेव्हा मधून मधून बोटाने चाचपत राहा. जास्त काम असेल तर लाकडाचा ओठ टर्न करून घेणे बरे.

वाल्वच्या मूळ स्प्रिंगा काढून हलक्या स्प्रिंगा बसवा आणि वरून एल-ब्रॅकेटमध्ये एम ६ चा स्क्रू लावा. त्याचा पिच बरोबर एक मिमी असतो, त्यामुळे एक फेरा म्हणजे एक मिमी लिफ्ट. शून्य मात्र डायल गेजनेच धरा. वाल्वच्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी लिफ्ट, म्हणजे २५ मिमी वाल्वला सव्वासहा मिमी, ही खूण लक्षात ठेवा. तिथे वाल्वच्या कडेभोवतीची मोकळी जागा वाल्वच्या पूर्ण क्षेत्रफळाइतकी होते. त्याच्या बरेच खाली सीट आणि वाल्वचे अँगल हवा अडवतात, त्याच्या आसपास आणि वर पोर्ट अडवतो. त्यामुळे दोन मिमीला आकडा कमी असेल तर पोर्टमध्ये ग्राइंडरचा बर (घासायचे टोक) घालून काही हाती लागत नाही. ३०-४५-६० अंशांची सीट नीट कापा आणि वाल्वच्या पाठीला ३० अंशांचा बॅक कट (तिरका काप) देऊन पुन्हा मोजा. इथे बेंचचे पैसे वसूल होतात.

एक्झॉस्टसाठी मोटरीचे तोंड बदलून सिलिंडरमधून बाहेर हवा फुंकावी लागते. प्लेटीची दिशाही तेव्हा फिरवावी लागते. पोर्टच्या तोंडाला पाइपचा दोन इंची तुकडा लावा, नाहीतर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आणि आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीवाल्यांसाठी एक सांगून टाकतो, कारण ते हमखास विचारतात: त्या हेडला वाल्वच नाहीत, ते बेंचवर ठेवून काही कळणार नाही, तिथे ब्लॉकचे पोर्ट पाहावे लागतात आणि ते वेगळे काम आहे.

जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असे मात्र समजू नका. माझ्याच एका स्प्लेंडरचे इनटेक पोर्ट मी इतके मोठे केले की सहा मिमीला परिणामी क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढले. वहीत ते पान फार देखणे दिसत होते. गाडी मात्र तिसऱ्या गिअरला चढावर ओढेनाशी झाली, कारण मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग पडला आणि कमी आरपीएमला सिलिंडर नीट भरेना. तेव्हापासून मी परिणामी क्षेत्रफळाच्या शेजारी पोर्टच्या सर्वांत अरुंद जागेचे मापही लिहितो. पोर्ट न वाढवता हवा वाढली, तर ते काम खरे.

बेंचवर कधीही पेट्रोलने धुतलेले हेड लगेच लावू नका. क्लीनरच्या मोटरीचे कार्बन ब्रश सतत ठिणग्या टाकतात आणि पेट्रोलची वाफ सरळ त्यांच्याकडे ओढली जाते. रॉकेल असो की पेट्रोल, हेड पूर्ण वाळवून, शक्यतो एक रात्र ठेवून मगच लावा. पोर्टिंगचा चुराही झटकून घ्या, आणि मोटरीच्या तोंडाला बारीक जाळी ठेवा.

बांधून झाल्यावर पहिली चाचणी हेडची करू नका. हेडच्या जागी सपाट पत्रा ठेवून वरचे तोंड बंद करा आणि बॉल वाल्व हळूहळू बंद करत वरच्या कप्प्यात २५० मिमी आणा; आत १२ मिमीची प्लेट असू द्या. प्लेटवरचे वाचन शून्य हवे. दोन-तीन मिमी जरी दिसले तरी वरच्या कप्प्यात कुठून तरी हवा शिरते आहे. हेड लावल्यावरही हीच तपासणी वाल्व बंद ठेवून करा. मी एकदा आठ टक्के सुधारणा झाली म्हणून खूष झालो होतो आणि नंतर लक्षात आले की स्पार्क प्लगच बसवायचा राहिला होता.

दुसरी चाचणी प्लेटांची. हेडच्या जागी २० मिमीची प्लेट आणि आत २५ मिमीची. दोन्ही सारख्याच कापलेल्या असतील तर दाबफरकांचे गुणोत्तर व्यासांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतके, म्हणजे २.४४ यायला हवे. वरच्या प्लेटीवर २५० मिमी असेल तर आतल्या प्लेटीवर १०२ ते १०५ मिमी. पहिल्या प्लेटीनंतर हवा किंचित विरळ झालेली असते म्हणून आकडा १०२ च्या थोडा वर राहतो. या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, विसर्ग गुणांकही नेमका माहीत असावा लागत नाही, आणि पेटी, प्लेटा, टॅप व नळ्या या चारही गोष्टी एकदम तपासून होतात. मी आजही प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर हे दोन आकडे वहीत लिहितो. ते जुळले नाहीत तर हेड लावण्याची घाई करू नका. मोटर चालू ठेवून उदबत्ती पेटवा आणि सांध्यांच्या कडेने, दाराच्या फोमवरून, टॅपच्या बुडाशी सावकाश फिरवा. धूर जिथे आत वळेल, तिथे सिलिकॉन लावायचे आहे.